पंगत, पदर आणि आडनाव : मराठी कथेतील स्त्रीची रोजची निवड

१९३७ सालच्या डिसेंबरअखेर नागपूर येथे अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुशिक्षित व सुसंस्कृत स्त्रिया त्यासाठी आल्या होत्या. स्त्रीशिक्षण, बालविवाहाचा प्रश्न, स्त्रियांचे कायदेशीर हक्क हे या परिषदेच्या जिव्हाळ्याचे विषय. अधिवेशनास नागपूरच्या जाईबाई चौधरी याही उपस्थित होत्या. अस्पृश्य समाजातील मुलींसाठी शाळा चालविणाऱ्या त्या एक कर्तबगार शिक्षिका होत्या. परंतु भोजनाची वेळ आली तेव्हा त्यांची व त्यांच्या समाजातील अन्य स्त्रियांची पाने वेगळी मांडण्यात आली. व्यासपीठावर भगिनीभाव होता, पंगतीत मात्र तो उतरला नाही. नागपूरच्या दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा भरवून या वागणुकीचा जाहीर निषेध केला.

इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत या प्रसंगाला एखादी ओळ मिळते, बहुधा तीही मिळत नाही. परंतु क्षणभर त्या पानासमोर उभ्या असलेल्या स्त्रीच्या मनाचा विचार करून पाहावा. बसावे की उठून जावे? उपाशी परतावे की अपमान गिळून दोन घास खावेत? बोलावे तर परिषदेचे कार्य बिघडविल्याचा ठपका यायचा, न बोलावे तर आपल्या शाळेतील मुलींना उद्या काय शिकवायचे? असा निर्णय घेण्यासाठी तिला दोन-चार क्षणांपलीकडे वेळ नसतो. त्याची नोंद ठरावांत होत नाही, वार्षिक अहवालात होत नाही. त्याची नोंद होते ती आठवणींत, आणि पुढे कथेत.

प्रस्तुत लेखात आम्ही याच नोंदींचा मागोवा घेणार आहोत. कोणत्या पाणवठ्यावर जावे, लुगडे कसे नेसावे, कोणाच्या हातचे खावे, मुलांची नावे काय ठेवावीत, आपले आडनाव सांगावे की नाही, अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींत स्त्रीला किती निवड करता आली आणि कोणत्या किमतीत करता आली, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. आमच्या मते गेल्या काही दशकांतील मराठी दलित स्त्रीची कथा ही या अलिखित निवडींचे दप्तर आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ते उघडून पाहणे अगत्याचे आहे.

रंग दिसतो, जात विचारावी लागते

पाश्चात्त्य साहित्याचे अभ्यासक वंशभेदाबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः गोरा आणि काळा हा भेद असतो. आपल्याकडे हे स्थान जातीने घेतले. दोहोंतील साम्य आपल्या विचारवंतांना फार लवकर जाणवले होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साधर्म्याचा उल्लेख केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने तर आपले नावच अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले.

साम्य असले तरी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. रंग अंगावर दिसतो, तो लपविता येत नाही. जात अंगावर दिसत नाही, म्हणून ती विचारावी लागते. ‘आडनाव काय? मूळ गाव कोणते? आडनावावरून काही ध्यानात आले नाही, आपण कोण?’ ही प्रश्नमालिका आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जी गोष्ट दिसत नाही ती राखण्यासाठी खुणा लागतात. नाव, वस्ती, बोली, वस्त्र, अन्न आणि विवाह या त्या खुणा होत. यांतील बहुतेक खुणांचा सांभाळ घरातील स्त्रीकडे सोपविलेला असतो.

याचे मर्म डॉ. आंबेडकरांनी विद्यार्थिदशेतच उलगडून दाखविले होते. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, जातीतल्या जातीत विवाह हाच जातिसंस्थेचा प्राण आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली ते बंधन टिकविण्यासाठी उपयोगी पडल्या. थोडक्यात, स्त्रीच्या आयुष्यावर पहारा ठेवल्याखेरीज जातीची भिंत उभी राहत नाही. हा विचार पत्करला की स्वयंपाकघर, पाणवठा आणि मुलीचे लग्न या केवळ घरगुती बाबी राहत नाहीत. जातीचा इतिहास त्यांतूनच घडत आला आहे.

एका शाळकरी मुलीपासून

या इतिहासाचे पहिले पान एका मुलीच्या हातचे आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातील विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये. राजसत्तेचे अन्याय सांगता सांगता ती मुलगी आपल्या समाजातील बाळंतिणींचे हाल सांगते. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायांचे दुःख तिला सांगावेसे वाटले, कारण ते तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. पंडितांच्या वादात ज्या गोष्टीला जागा नव्हती ती एका शाळकरी मुलीच्या लेखणीतून प्रथम कागदावर आली.

यानंतर जवळजवळ पाऊण शतकाने, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. मुलींना शाळेत घाला, हा उपदेश त्यात होता. तसाच लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी व अंगावरील जड कथिली-चांदीच्या दागिन्यांविषयीही होता. आज एखाद्याला नवल वाटेल की एवढ्या मोठ्या सामाजिक लढ्यात लुगड्याची चर्चा कशाला? त्याचे उत्तर फलटणच्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मिळते. लुगड्याचा काठ दिसू देण्याचा मान वरच्या जातींच्या स्त्रियांचा होता, महार स्त्रीने आपला काठ निऱ्यांत दडवावयाचा, अशी जुन्या काळची रीत त्यांनी नोंदविली आहे. म्हणजे वस्त्र हे अंग झाकण्यासाठी होते तसेच दर्जा दाखविण्यासाठीही होते. महाडच्या त्या भाषणानंतर अनेक स्त्रियांनी लगोलग आपली नेसण्याची तऱ्हा बदलली. तळ्याचे पाणी पुरुषांनी ओंजळीने घेतले हे आपण इतिहासात वाचतो, परंतु काठ मोकळा सोडून बाजारातून चालत जाणाऱ्या बाईचे धैर्य त्याच तोलाचे होते. पुरुष परिषदेहून घरी परतला की त्याचा लढा काही काळ थांबत असेल. ही मात्र रोज सकाळी लुगडे नेसताना तो निर्णय नव्याने घेत होती.

बेबी कांबळे यांचे लिखाणही अशाच निवडीतून सिद्ध झाले. छोटे दुकान चालवीत असताना त्या लिहू लागल्या, आणि ते लिखाण त्यांनी दीर्घ काळ घरच्यांपासून लपवून ठेवले. बाहेर जातीची भिंत आणि घरात पुरुषाच्या अधिकाराची भिंत, अशा दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या जागेत बसून हे साहित्य लिहिले गेले आहे, याचा विसर वाचकाने पडू देऊ नये.

नागपूरच्या स्त्रिया

आता पुन्हा नागपूरकडे वळू. जाईबाई चौधरी यांनी सुरुवातीस नागपूर-कामठी भागात रेल्वे स्थानकावर ओझी वाहण्याचे काम केले. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या दृष्टीस त्या पडल्या. ही हमाली करणारी स्त्री लिहू-वाचू शकते हे पाहून त्यांनी तिला दरमहा चार रुपये पगारावर मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमले. परंतु अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच वरच्या जातींच्या पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. दार उघडणारा हात ख्रिस्ती होता ही समाधानाची बाब आहे. पण बहिष्काराचा वारा सुटताच ते दार उघडे राहू शकले नाही, हाही इतिहासच आहे. जाईबाई मात्र तेथे थांबल्या नाहीत. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. परक्याच्या दारातून परत फिरावे लागल्यावर त्यांनी स्वतःचे दार बांधले.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरातच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या, आणि त्यांना पाहून डॉ. आंबेडकरांनी आपला आनंद बोलून दाखविला. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, गिरण्यांत व विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा व निवृत्तिवेतन, मुलींसाठी वसतिगृहे अशा मागण्यांचे ठराव तेथे झाले. एम्प्रेस मिलच्या आणि कामठीच्या विडीच्या या प्रदेशात या मागण्या पुस्तकी नव्हत्या. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा १९५५ साली झाला. तेरा वर्षे आधी ती मागणी नागपूरच्या मांडवात कष्टकरी स्त्रिया करीत होत्या.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाच्या वर्णनांत शुभ्र वस्त्रांतील स्त्रियांचा उल्लेख आवर्जून येतो. दीक्षेचा समारंभ एका मैदानावर झाला, परंतु तिचा अंमल घराघरांत व्हावयाचा होता. देव्हाऱ्यातील देव काय करावेत, उपासतापास चालू ठेवावेत की नाहीत, सणाला काय रांधावे, नव्या बाळाचे नाव काय ठेवावे, हे प्रश्न घरातील बाईनेच सोडवावयाचे होते. यशोधरा, सुजाता, गौतम, राहुल ही नावे वस्त्यांतून घुमू लागली ती अशा असंख्य स्वयंपाकघरांत झालेल्या निर्णयांतून.

कथेचे काम

ही सर्व सामग्री मराठी कथेत कशी आली? बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेला हादरा बसला. शीर्षककथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहावयास खोली मिळावी म्हणून आपली जात दडवितो. पुढे ते उघडकीस येते आणि त्याला मार खावा लागतो. जात चोरणे हा शब्दप्रयोगच केवढा बोलका आहे! स्वतःविषयी मौन पाळणे हीसुद्धा येथे चोरी ठरते.

बागुलांचा नायक पुरुष आहे, आणि परगावी एकटा आहे. स्त्रीला ही चोरी तितकीही शक्य नसते. तिचे कामच तिची जात सांगते. डोक्यावरची पाटी, विकावयाचा माल, पाणवठ्यावरची जागा या सर्वांवर ती लिहिलेली असते. ही बाजू ज्यांनी आतून मांडली त्यांत उर्मिला पवार यांचे नाव अग्रभागी आहे. रत्नागिरीकडे वाढलेल्या, बांबूच्या टोपल्या विणून संसार ओढणाऱ्या आईच्या या लेकीचा ‘सहावं बोट’ हा पहिला कथासंग्रह १९८८ साली आणि ‘चौथी भिंत’ १९९० साली आला.

त्यांच्या ‘आई’ या कथेतील विधवा स्त्री पतीच्या मागे गावी परत जाण्याचा नातलगांचा आग्रह मोडून काढते. गावी भाऊबंद आहेत, आधार आहे. पण मुलांचे शिक्षण व्हावे ही पतीची इच्छा होती आणि शाळा शहरात आहे. म्हणून ती टोपल्या विणीत शहरातच राहते. वरवर पाहता हा बिऱ्हाड कोठे करावे एवढाच प्रश्न. परंतु गावी परतणे म्हणजे गावाने नेमून दिलेल्या जागी परतणे, हे त्या निरक्षर बाईला कोणी न सांगता उमजले आहे.

‘कवच’ या कथेत आंबे विकणारी आई आणि तिचा शाळकरी मुलगा आहे. आंब्याच्या नावावरून पुरुष द्व्यर्थी बोलतात, आईही बाजारात उघड्या तोंडाने उत्तर देते, आणि मुलाला लाज वाटते. शाळेने त्याला सभ्य भाषा शिकविली आहे, त्या भाषेत आई बसत नाही. कथेच्या ओघात त्याला कळून येते की ज्याला तो आईचा निर्लज्जपणा समजत होता ते तिचे कवच आहे. पांढरपेशा घरातील स्त्रीचे रक्षण घराच्या भिंती करतात. रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्या स्त्रीला जिभेवाचून दुसरी भिंत नाही. सभ्य बोलणे हीदेखील सर्वांना परवडणारी गोष्ट नाही, हे मराठी वाचकाला इतक्या साधेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल.

‘वेगळी’ या कथेत पिढी बदलली आहे. येथे नोकरी करणारी विवाहिता सासरच्या दाटीतून बाहेर पडून आपले घर मांडू पाहते. वेगळी म्हणजे निराळी आणि वेगळी म्हणजे विभक्त, हे दोन्ही अर्थ तिला लागू पडतात. अडथळा या वेळी परजातीचा नाही, घरच्यांचाच आहे. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या समाजाने आपल्या घरात स्त्रीला किती मोकळीक दिली, हा प्रश्न लेखिका स्वजनांनाही विचारते. म्हणूनच तिच्या शब्दाला वजन आहे.

येथे एक गोष्ट विशेष नमूद करावीशी वाटते. जाईबाईंसारख्या स्त्रियांची हकीकत आज आपल्याला ज्या ग्रंथामुळे कळते तो ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीच सिद्ध केला. १९८९ सालचे हे पुस्तक. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून या दोघींनी ते रचले. म्हणजे ज्या हाताने कथा लिहिली त्याच हाताने इतिहास गोळा केला. कथा आणि इतिहास यांचे नाते आम्ही सांगतो आहोत ते अशा प्रत्यक्ष कामातून दिसणारे आहे.

दोन आडनावांची एक स्त्री

नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक १९८१ साली प्रकाशित झाले. त्यातील आपल्या संस्कृत शिक्षणाची हकीकत सांगणारा लेख कथा नाही, सत्यकथन आहे, तथापि कोणत्याही कथेइतका तो वाचकाच्या मनात राहतो. माहेरच्या त्या सोमकुवर. महार कुटुंबातील या मुलीने शाळेत संस्कृत हा विषय निवडला. शाळकरी मुलीने विषय निवडावा यात विशेष ते काय? परंतु ज्या भाषेच्या श्रवणाचाही आपल्या पूर्वजांना अधिकार नव्हता ती भाषा शिकणे म्हणजे एका बंद वाड्यात पाऊल टाकणे होते. कर्मठ दिसणारे गोखले गुरुजी आपल्याला शिकवतील की नाही, या धास्तीत असलेल्या मुलीला त्या गुरुजींनी मनापासून शिकविले, हेही त्या कृतज्ञतेने लिहितात. अन्यायाचे चित्र काढताना चांगल्या माणसाचा चेहरा न पुसण्याचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे.

पुढे एम.ए. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊनही त्यांना नोकरी मिळेना. मुलाखती होत, नकार येत. मग त्यांचा आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आले, आणि संस्कृतच्या अध्यापिकेची जागा मिळाली. नोकरी आपल्याला मिळाली नाही, पावडे या नावाला मिळाली, अशा आशयाची बोच त्या लेखाच्या अखेरीस व्यक्त होते. पदवी तीच, बुद्धी तीच, व्यक्ती तीच. बदलले ते फक्त आडनाव. आपल्या समाजात लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलते ही चाल आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिच्यात जातीचा असा हिशेब दडलेला असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

दूरदेशीच्या दोन कथा

नावाच्या या प्रश्नावर अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर यांची १९७३ सालची एक कथा आठवते. तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘रोजच्या वापरासाठी’ असा होतो. खेड्यात राहणारी आई, शिकून शहरात गेलेली थोरली मुलगी डी आणि घरीच राहिलेली धाकटी मॅगी. डी आपले नाव टाकून आफ्रिकी धाटणीचे नवे नाव घेऊन येते, कारण जुने नाव तिला गुलामीची खूण वाटते. घरातल्या जुन्या गोधड्या तिला हव्या आहेत, भिंतीवर टांगण्यासाठी. मॅगी त्या पांघरून झिजवील अशी तिची तक्रार. आजीच्या हातचे तुकडे जोडलेल्या त्या गोधड्या आई शेवटी मॅगीच्या मांडीवर टाकते. आपल्या कुमुदताईंना नाव बदलल्यावर दार उघडलेले दिसले, तर डीला नाव बदलल्यावर स्वतःचे घर परके झाले. वारसा मिरवावा की वापरावा, हा प्रश्न मात्र गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांनाही कळला असता.

दुसरी कथा टोनी मॉरिसन यांची, ‘रेसिटॅटिफ’ नावाची, १९८३ सालची. संत बोनाव्हेंचर यांच्या नावाच्या एका बालगृहात ट्वायला आणि रॉबर्टा या दोन मुली एकाच खोलीत राहतात. त्यांतली एक गोरी आहे आणि एक काळी. पण कोणती कोण, हे लेखिका अखेरपर्यंत सांगत नाही. वाचक मात्र स्वस्थ बसत नाही. तो त्यांच्या खाण्यावरून, कपड्यांवरून, आयांच्या वागण्यावरून अंदाज बांधू लागतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की परीक्षा त्या मुलींची नव्हे, आपली चालली आहे. अशी कथा मराठीत लिहावयाची तर दोन्ही मुलींची आडनावे वगळावी लागतील. तेवढे केले की आपणही त्यांच्या डब्यातील भाजीवरून आणि बोलण्यातील ‘न’ आणि ‘ण’ यांवरून तर्क लढवू लागू, यात आम्हांस शंका वाटत नाही.

आपल्या अंगणात

वाचकहो, हे सर्व दुसऱ्यांचे आहे, आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन गेली, असे कोणी म्हणेल. ते पाणी धुवावयास समर्थ आहे याविषयी आपल्या श्रद्धेत दुमत नाही. परंतु माणसे ते किती आत मुरू देतात, हा प्रश्न उरतोच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळक दांपत्याचे काही दिवस गेले. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्यासमवेत राहावयास आल्या त्या आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या एका प्रश्नाशी त्यांनी किती दिवस झुंज दिली, आणि जात देवाने केली की माणसाने, याचा स्वतःच्या बुद्धीने निवाडा करून त्या त्या सोवळ्यातून कशा मोकळ्या झाल्या, हे त्यांनी विनोदाच्या साथीने सांगितले आहे. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, पण त्यापूर्वी पाण्याच्या तांब्यापाशी त्यांचे एक परिवर्तन घडून गेले होते. लक्ष्मीबाई वरच्या जातीतून आल्या होत्या. त्यांना काही सोडावयाचे होते, जाईबाईंना काही मिळवावयाचे होते. दोघींची परीक्षा मात्र अन्नपाण्यानेच घेतली.

जात चर्चच्या आवारात शिरली आहे, ही गोष्ट धर्माधिकाऱ्यांनीही लपवून ठेवलेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तामिळनाडूच्या बिशपांशी बोलताना ख्रिस्ती समाजातील जातीय पूर्वग्रहांविषयी कठोर शब्द वापरले. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमध्ये जातिभेद अस्तित्वात असल्याचे मान्य केले व त्याला पाप म्हटले. कायद्याचा पेच तर आणखी निराळा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यांत समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्यामुळे शाळेच्या अर्जावर धर्माचा रकाना भरताना एखाद्या ख्रिस्ती आईचा हात अडखळतो. श्रद्धा लिहावी की लेकराची शिष्यवृत्ती? हीदेखील रोजचीच निवड आहे, आणि तिच्यावर कथा लिहिली जाण्याची आम्ही वाट पाहत आहोत.

विवाहाच्या जाहिरातींत धर्मांतरापूर्वीच्या जातीचा उल्लेख आजही आढळतो. येशू ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीकडे विहिरीवर पाणी मागितले तो प्रसंग आपण उपासनेत ऐकतो. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत, हे लक्षात घेतले तर त्या मागण्याचे मोल कळते. त्याने आधी उपदेश केला नाही, आधी तिच्या हातचे पाणी मागितले. ती बाई भर दुपारी पाण्याला का आली, याचा विचार टीकाकारांनी पुष्कळ केला आहे. जाईबाई किंवा बेबीताई यांना तो विचारला असता तर त्यांनी आपल्या अनुभवाने चटकन उत्तर दिले असते.

या विषयावर आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. स्त्रीची रोजची निवड क्षुल्लक मानून जो समाज नोंदवीत नाही, त्याला आपल्याच घरातील भिंती दिसत नाहीत. उर्मिला पवार व मीनाक्षी मून ज्या रीतीने म्हाताऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या दारी गेल्या, तसे आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलामुलींनी आपल्या आज्यांपाशी जाऊन बसावे. लहानपणी पाणी कोठून आणले, सणाला कोणाच्या घरी जेवण होई आणि कोणाच्या घरी होत नसे, सोयरीक जुळविताना कोणता प्रश्न आधी विचारला जाई, कोणते नाव शाळेत सांगितले आणि कोणते घरी, हे विचारावे. उत्तरे ऐकताना संकोच वाटेल, क्वचित लाजही वाटेल, तरी ती जशीच्या तशी लिहून घ्यावीत. त्यांतून उद्याची कथा निर्माण होईल. आणि न झाली तरी मुलीचे स्थळ पाहताना आपल्या ओठांवर येणारा तो जुना प्रश्न विचारण्यापूर्वी एखादी आई क्षणभर थबकेल. तेवढे जरी झाले तरी त्या वृद्ध स्त्रियांचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.